टाचणीवरचा आळ

मी टाचणीला गुन्हेगार ठरवलं आणि भुंगेऱ्याला निर्दोष सोडलं. दोन्ही निकाल चुकले. त्यापायी सामरवरणीच्या एका शाळेचं छप्पर गेलं आणि मला मात्र एक नवीकोरी खोली मिळाली. सरकारी नोकरी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचावं. बाकीच्यांना त्यात नवं काही वाटणार नाही.

ही गोष्ट साठीच्या दशकातली. दादरा नगर हवेली तेव्हा नुकतीच रीतसर देशात सामील झाली होती. सिल्वासाच्या आमच्या जंगल कचेरीत कपाटं पोर्तुगीज होती, शिक्के दिल्लीचे होते, हेडक्लार्क छोटुभाई गुजराती होते आणि टेबलांमागे आम्ही मुंबई-कोकणातून आलेले नवे चाकरमाने होतो. पोर्तुगीज कपाटांची कुलपं उघडायची नाहीत आणि दिल्लीहून आलेल्या हुकमांचे अर्थ उघडायचे नाहीत, त्यामुळे दिवस शांततेत जात.

माझी जागा 'कीटक सहायक' अशी होती. मी प्राणिशास्त्राचा पदवीधर. कॉलेजात मी एक बेडूक आणि एक झुरळ फाडलं होतं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "जंगलातले किडे ओळखता?" नेमकं तेव्हाच खिडकीतून एक झुरळ आत आलं. मी म्हटलं, "हे झुरळ." साहेब खूश झाले. इतर उमेदवार खुर्चीवर पाय घेऊन बसले होते, तेवढ्यावर माझी निवड झाली.

गावात मला कोणी राऊत म्हणत नसे. 'किडेसाहेब' म्हणत. आणि जंगलातले किडे माझ्याकडे येण्याआधी गावातले आले. एक फौजदार खाटेतले ढेकूण काडेपेटीत घालून आले आणि म्हणाले, "हे आधीच्या राजवटीतले की आपले, ते सांगा." मोठ्या साहेबांच्या बाईसाहेबांनी तांदळातले सोंडे पाठवले. मी तांदूळ उन्हात घाला म्हणून सांगितलं. त्यांनी घातले, चिमण्यांनी खाल्ले, आणि सोंड्यांचा प्रश्न तांदळासकट सुटला. एका बागायतदाराने तर आंब्यातली अळी आणून, ती शेजाऱ्याच्या आंब्यातूनच आली आहे असा दाखला मागितला. मी दिला नाही. त्या वर्षी मला कोणी आंबे पाठवले नाहीत.

आता धंद्याचं थोडं सांगतो, म्हणजे माझी चूक किती मोठी होती हे नीट कळेल.

जंगलात झाड तोडलं की ओंडका मरतो, पण त्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं. लांब मिशांचा एक भुंगेरा असतो. काळपट, टणक, पाठीवर दोन कडक ढाली आणि त्याखाली घडी करून ठेवलेले पंख. त्याची मादी अंधार पडला की येते, ओंडक्याच्या सालीच्या फटीत अंडी घालते आणि निघून जाते. अंड्यातून निघालेली पांढरी गुबगुबीत अळी आधी सालीखाली चरते, मग लाकडात शिरते आणि बोगदे काढत बसते. बाहेरून ओंडका धडधाकट दिसतो. एके दिवशी तोच किडा मिशा हलवत, लंबगोल भोक पाडून बाहेर येतो. तोवर आत भुसा झालेला असतो. उपाय दोन, आणि दोन्ही जुने. एक, तोडल्याबरोबर साल सोलून काढायची. दुसरा, ओंडका पाण्यात पूर्ण बुडवून ठेवायचा.

टाचणी ही चतुराची बारीक चुलत बहीण. ओढ्याकाठच्या सावलीत उडते, पंख मिटून बसते, अंग सुतासारखं, रंग निळा नाहीतर लाल. तिचं बालपण पाण्यात डासांची पोरं खाण्यात जातं. मोठी झाली की ती चिलटं खाते. लाकूड ती खात नाही. तिच्या तोंडाला ते झेपतही नाही.

हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत असतं तर हा लेख आणि ती खोली, दोन्ही झाली नसती.

दमणगंगेला मिळणाऱ्या एका ओढ्यावर, सामरवरणीच्या अंगाला, आमचा लाकडाचा डेपो होता. ओढ्याला तिथे खोल डोह होता. त्यात ऐनाचे ओंडके बुडवून ठेवले होते. ते सामरवरणीच्या नव्या शाळेचे वासे व्हायचे होते. त्या शाळेचे सावे गुरुजी माझ्याच भागातले, पालघरकडचे. त्यांचा वर्ग एका पाटलाच्या गुरांच्या गोठ्यात भरे. पाटलाने जागा दिली होती ती पावसाळ्यापर्यंत, कारण पावसाळ्यात गुरांना गोठा लागतो आणि गुरं ही पाटलाची होती, पोरं नव्हती. गुरुजी दर बाजाराच्या दिवशी डेपोत येत, डोहाकाठी उकिडवे बसत आणि पाण्यातल्या ओंडक्यांकडे बघत.

"काय बघता, गुरुजी?" मी एकदा विचारलं.

"शाळा बघतो," ते म्हणाले. "सध्या भिजत घातलीय."

तर एक दिवस डेपोतून बातमी आली की काही ओंडक्यांना भोकं पडलीत. मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. "राऊत, दोषी कोण ते शोधा. दोन संशयित घ्या, दोघांची तुलना करा. तक्ता करा. मोठा करा."

साहेबांचा तक्त्यांवर फार विश्वास. रोग कुठलाही असो, तक्ता भिंतीवर लागला की त्यांना बरं वाटे.

मी तपासाला निघालो. बायकोने मच्छरदाणीचा कोपरा कापून जाळं शिवून दिलं होतं. त्या रात्रीपासून आम्हा दोघांना डास चावू लागले. उपद्रवी किडे रात्री येतात, याचा हा या तपासातला पहिला पुरावा होता आणि मी त्याकडे दुर्लक्ष केलं. डेपोत देवजी मुकादम होता. उंच, सावकाश बोलणारा, कुठल्याही प्रश्नाला आधी विडी पेटवणारा.

"देवजी, भोकं कशानं पडली?"

त्याने विडी पेटवली. "चांदण्याच्या पंधरवड्यात तोडलं ना साहेब, म्हणून. अंधाऱ्यात तोडलं असतं तर नसती पडली."

"ही अंधश्रद्धा झाली, देवजी."

"मग तुमची श्रद्धा काय आहे ती सांगा."

माझी श्रद्धा अशी होती की गुन्हेगार कामाच्या वेळेत सापडतो. मी अकराला डेपोत पोचत असे आणि पाचला निघत असे. या वेळात भुंगेरा काय करायचा? सालीच्या खबदाडात निपचित पडून असायचा. अंगावर काळा कोट, लांब मिशा, हालचाल नाही, डिवचलं तर जरासं कुरकुरायचा. मला तो कचेरीतल्या वरिष्ठांसारखा वाटला. असा माणूस काही पोखरेल, असा संशय घ्यायला माझं मन धजेना.

आणि टाचण्या? त्या दिवसभर ओंडक्यांवर. रंगीत, नटव्या, एका जागी ठरत नव्हत्या. आणि त्या जोडीने फिरत. पुढचीने शेपटाच्या टोकाने मागचीची मान पकडलेली आणि मागची आपलं शेपूट वाकवून ओल्या लाकडात टोचत असलेली! मी गुडघाभर पाण्यात उभा राहून हे बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. एक भोक पाडतेय, दुसरी तिला आधार देतेय.

एकच गोष्ट जुळत नव्हती. जे ओंडके पूर्ण बुडालेले होते त्यांना एकही भोक नव्हतं. भोकं होती ती अर्धे पाण्याबाहेर राहिलेल्या काही ओंडक्यांना, आणि तीही कोरड्या टोकाला. याचंही उत्तर मी शोधलं. टाचण्यांना टेकायला कोरडी जागा लागते. शिकलेल्या माणसाला अडचण येत नाही, फक्त उत्तर शोधायला थोडा वेळ लागतो.

तक्ता मी स्वतः रंगवला. डाव्या बाजूला भुंगेरा, उजव्या बाजूला टाचणी. 'स्वभाव' या रकान्यात भुंगेऱ्यापुढे लिहिलं, 'गंभीर, स्थिर.' टाचणीपुढे, 'चंचल.' 'पोशाख' : 'साधा, टिकाऊ' आणि 'भडक, पारदर्शक.' 'कार्यपद्धती' : 'एकटा, शांत' आणि 'संगनमताने.' 'निष्कर्ष' : 'निरुपद्रवी' आणि 'घातक.' आज तो तक्ता आठवला की वाटतं, मी किड्यांची तुलना केलीच नव्हती. मी साहेब लोकांबद्दल आणि सिल्वासाच्या बाजारात येणाऱ्या पाड्यांवरच्या माणसांबद्दल कचेरीत जे बोललं जायचं ते दोन किड्यांवर चिकटवलं होतं.

साहेबांना तक्ता अतोनात आवडला. "संगनमताने! वा! उपाय?"

उपाय मी तयारच ठेवला होता. टाचण्या पाण्याजवळ असतात, तेव्हा ओंडके पाण्यातून बाहेर काढावेत. टाचणीचं शेपूट नाजूक असतं, सालीतून आत जाणार नाही, तेव्हा साल मुळीच सोलू नये.

म्हणजे लाकूड वाचवायचे जे दोन उपाय माणसाला ठाऊक होते, ते दोन्ही मी एका परिच्छेदात बंद केले. साहेबांनी सही केली. देवजीने हुकूम ऐकला, विडी पेटवली आणि विचारलं, "सोलायचं नाही? नक्की?"

"नक्की."

"लेखी आहे?"

"लेखी आहे."

"देव तुमचं भलं करो," तो म्हणाला. साल सोलायचं काम जीव काढणारं असतं. डेपोतल्या माणसांनी त्या संध्याकाळी माझ्या नावाने ताडी घेतली म्हणतात.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गुरुजी आले तर डोह रिकामा. ओंडके काठावर उन्हात रचलेले, साल अंगावर. गुरुजींनी मला गाठलं. "राऊतभाऊ, आमच्याकडे होड्यांचं लाकूड पाण्यात ठेवतात. तुम्ही बाहेर काढलंत?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. शेपूट वाकवून दाखवलं, म्हणजे स्वतःचं बोट. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "पाटील म्हणतोय, पहिल्या सरीला गुरं आत बांधणार. छप्पर तोवर झालं नाही तर माझी पोरं पांगतील. एकदा रानात गुरांमागे गेलेलं पोर परत पाटीला हात लावत नाही. तुम्ही खात्रीनं सांगताय ना?"

"गुरुजी, मी या विषयाचा पदवीधर आहे."

"मग झालं," ते म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. माझी पदवी त्यांनी पाहिली नव्हती म्हणून.

या शोधाबद्दल साहेबांनी मला डेपोशेजारी एक 'कीटकगृह' बांधून दिलं. सागाच्या तुळया, मंगलोरी कौलं, मोठ्या खिडक्या. शाळेचे वासे उन्हात पडलेले असताना माझ्या किड्यांच्या डोक्यावर छप्पर चढत होतं. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. मी पडद्याचे रंग बघत होतो.

कीटकगृह होईपर्यंत नमुना म्हणून एक भोकं पडलेला ओंडका मी जाळीच्या पेटीत घालून कचेरीत, छोटुभाईंच्या टेबलाजवळ ठेवला होता. पेटीवर चिठ्ठी लावली होती, 'टाचणी : वसतिस्थान.' काही दिवसांत आतून कर्र, कर्र असा आवाज येऊ लागला.

"राऊतभाई," छोटुभाई म्हणाले, "तमारी टाचणी दाढ घासते काय? माझ्या चायमधी भुसा पडते."

मी ओंडक्याची एक ढलपी काढून बघितलं. आत पांढरी, अंगठ्याएवढी अळी. छोटुभाईंनी चष्मा वर केला. "आ जाडी बाई मोठी होऊन तक्त्यावरली पेली सुई होणार?"

मी म्हटलं, "वयात आल्यावर बारीक होतात."

छोटुभाईंनी स्वतःच्या पोटाकडे बघितलं. "अमारा घरमां तो ऊलटुं थाय छे," ते म्हणाले आणि चहाचा कप दुसऱ्या टेबलावर नेला.

उन्हाळा संपता संपता कीटकगृहाचं उद्घाटन ठरलं. मोठे साहेब आले, बाईसाहेब आल्या, छोटुभाई, देवजी, डेपोतली माणसं. स्वागतगीत म्हणायला गुरुजींचा वर्ग बोलावला होता. आकाशात ढग जमत होते. भिंतीवर माझा तक्ता. मध्यभागी टेबलावर जाळीची पेटी, वर लाल कापड.

गीत झालं. मी भाषण केलं. टाचणीच्या कपटावर मी जरा जास्तच बोललो. मग म्हटलं, "आणि आता, साहेब, गुन्हेगार आपण प्रत्यक्ष पाहू." साहेबांनी कापड ओढलं.

ओंडक्याच्या मधोमध एक लंबगोल भोक. त्या भोकातून अर्धा बाहेर आलेला, लांब मिशा सावकाश डोलवणारा, काळा कोट घातलेला भुंगेरा.

भुंगेऱ्याने एक पाय बाहेर टाकला.

"साहेब," मी म्हणालो, "हा टाचणीच्या घरी पाहुणा आला असावा."

"राऊत," साहेब म्हणाले, "पाहुणा आतून बाहेर येतोय."

बाईसाहेबांना हसू आवरेना. छोटुभाईंनी खिशातून रुमाल काढून तोंडात धरला. पोरं तर मोकळीच होती. फक्त गुरुजी हसले नाहीत. ते उठले, बाहेर गेले आणि काठावर रचलेल्या ओंडक्यांपाशी उभे राहिले. खिडकीतून मला दिसत होतं. त्यांनी एका ओंडक्याच्या सालीत बोटं घालून ओढलं. साल हातभर सुटून आली. दुसरा ओंडका. तिसरा. मग ते आत आले, टेबलापाशी आले आणि मूठ उघडली. पिवळट भुशाचा ढीग टेबलावर काढून ठेवलेल्या साहेबांच्या हारावर पडला.

"आमच्या शाळेचं छप्पर," ते म्हणाले.

आता हसणारं कोणी नव्हतं. पहिल्यांदा पेटीकडे न बघता मी त्या भुशाकडे बघितलं. साहेब भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते. खाली त्यांची सही होती.

"दुसरं लाकूड?" साहेबांनी देवजीला विचारलं.

"आता नवी तोड पावसानंतर," देवजी म्हणाला. "आणि अंधाऱ्या पंधरवड्यात."

बाहेर गडगडलं. गुरुजींनी वर, माझ्या सागाच्या तुळयांकडे बघितलं. मग मला विचारलं, "राऊतभाऊ, या खोलीत किडे किती राहणार?"

"सध्या... हा एक."

"त्याला किती जागा लागते?"

मी पेटीकडे बोट दाखवलं.

"मग बाकीची आमची," गुरुजी म्हणाले आणि पोरांना म्हणाले, "बसा रे." पोरं बसली. उठवायची कोणाची हिंमत झाली नाही. साहेबांनी नंतर कागदावर तोड काढली : खोली कीटकगृहच राहील, मुलांची नोंद 'निरीक्षणासाठी आलेले' अशी होईल. संबंध पावसाळा माझ्या कीटकगृहात बाराखडी आणि पाढे चालले. मी एका कोपऱ्यात टेबल लावून बसे. गुरुजींनी माझा तक्ता भिंतीवरून काढू दिला नाही. निसर्गाच्या तासाला ते पोरांना त्याच्यापुढे उभं करत आणि म्हणत, "यातल्या चुका सांगा." पोरं रोज नवी शोधून काढत. टाचणीच्या त्या जोडीत पुढचा नवरा असतो आणि मागची त्याची बायको, हे मला त्याच काळात ओढ्याकाठी बसून कळलं. ज्याला मी संगनमत म्हणत होतो, तो संसार होता. मी एका कुटुंबावर खटला भरला होता.

इथवर हसण्यासारखं आहे. एक गोष्ट नाही. डेपो ओढ्याच्या अलीकडे होता. पलीकडच्या पाड्यांवरच्या पोरांना पाणी वाढल्यावर येता येईना. ओढ्यापलीकडे, गोठ्याजवळ ठरलेली शाळा झाली असती तर ती आली असती. दिवाळीनंतर त्यातली काही परतली, काही नाही परतली. गुरुजी हजेरी घेताना त्यांची नावं गाळत नसत. नाव घेत, थांबत आणि पुढे जात. मी माझ्या कोपऱ्यात कागद उलटे-सुलटे करत बसे.

पुढच्या हंगामात नवं लाकूड आलं तेव्हा मी जिद्दीला पेटलो. साल माझ्यासमोर सोलायला लावली. देवजी माझ्या नावाने ताडी प्यायचा बंद झाला. कंदील घेऊन, पहाटे उठून, मी एकेक वासा ठोकून ऐकला. चांगल्यावर चुन्याचं टिंब, शंका आली की गेरूची फुली. फुलीचे बाजूला, टिंबाचे शाळेला, असा हुकूम काढला. छप्पर चढायच्या आधीच माझी बदली झाली आणि ते चढल्याचं मला पत्रानं कळलं. पुढेही बऱ्याच बदल्या झाल्या, आणि प्रत्येक ठिकाणी मी आधी भुंगेऱ्याची चौकशी करत असे. नोकरीत मी बरीच लाकडं वाचवली असतील, पण मनात एकाच छपराचा अभिमान होता.

निवृत्तीनंतर एकदा सिल्वासाला गेलो. ओढ्याच्या अंगाला कारखाने उठलेले. शाळा मात्र जागच्या जागी होती. गुरुजीही निवृत्त झालेले, पण सवयीने ओसरीवर बसलेले. त्यांनी मला ओळखलं. चहा आला. मी आत गेलो, वर बघितलं. इतक्या पावसाळ्यांनंतरही वासे सरळ, भुशाचा कण नाही. माझा ऊर भरून आला.

"गुरुजी, बघा. एकेक मी स्वतः ठोकून घेतलाय."

"हो ना," गुरुजी म्हणाले. "तुमच्यामुळेच झालं हे छप्पर."

मी चष्मा पुसून पुन्हा वर बघितलं. प्रत्येक वाशावर पुसट, तांबडी अशी काहीतरी खूण होती. नीट बघितलं. गेरूची फुली होती. शेजारच्या वाशावरही. त्याच्या शेजारच्याही.

"गुरुजी... हे तर मी नापास केलेले!"

"तेवढेच आम्ही उचलले. देवजीला सांगून ठेवलं होतं."

"आणि टिंबाचे? मी पास केलेले?"

"ते साहेबांच्या बंगल्याच्या ओसरीला गेले. ती ओसरी कधीच खाली बसली." गुरुजींनी चहा संपवला, कप बशीत उपडा ठेवला आणि म्हणाले, "आमचा तुमच्यावर पहिल्यापासून पूर्ण भरवसा होता, राऊतभाऊ. तुम्ही 'नको' म्हणालात की आम्ही डोळे मिटून घ्यायचो."